गिऱ्हाइकाचे मन

पदव्यांची नावे अलीकडे फार लांबली आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीला बी. ए. आणि एम. ए. एवढ्या चार अक्षरांत सगळी विद्या सामावलेली दिसे. दारावरच्या पाटीवर त्यांपैकी दोन अक्षरे आली की मनुष्य काय शिकला हे गल्लीतल्या पोरासही कळे. आता पाटी पुरत नाही. आमच्या परिचयात आलेल्या एका पदवीचे नाव आहे 'मास्टर ऑफ सायन्स इन मार्केटिंग कम्युनिकेशन्स'. हिचा मराठीत तर्जुमा करावयाचा झाल्यास 'विपणन-संज्ञापनातील विज्ञानपारंगत' असे काहीतरी म्हणावे लागेल. विपणि म्हणजे बाजार आणि संज्ञापन म्हणजे शब्दाने किंवा खुणेने दुसऱ्यास कळविणे, हे कोश उघडल्यास सापडते. परंतु जी विद्या आपले म्हणणे समोरच्याला चटकन कसे कळावे हेच शिकविण्यासाठी निघाली, तिचे स्वतःचे नाव कोणालाही चटकन कळू नये, यातील विनोद आमच्या नजरेतून सुटला नाही. साध्या मराठीत सांगावयाचे तर ही गिऱ्हाइकाशी बोलण्याची विद्या होय.

ही पदवी आमच्या परिचयात आली ती एका विद्यार्थिनीमुळे. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका खेड्यातून ती आमच्या महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकण्यास आली होती. घरी थोडी द्राक्षबाग. वडील स्वतः बागेत राबणारे. बी. ए. झाल्यावर तिने ब्रिटनमधील एका विद्यापीठात या पदवीसाठी जाण्याचे मनात घेतले आणि शिफारसपत्रासाठी ती वडिलांसह आमच्याकडे आली. शिकण्याचा आणि राहण्याचा मिळून खर्च तीस लाखांच्या घरात जात होता. त्यासाठी कर्ज काढावयाचे, आणि कर्जाला तारण जमीन द्यावयाची, असा बेत होता. वडिलांनी सारे ऐकून घेतले व आम्हांस एकच प्रश्न विचारला. "सर, माल चांगला असंल तर त्याच्यासाठी बोलायला शिकावं का लागतं?"

हा प्रश्न वरवर भाबडा वाटला तरी तो भाबडा नाही. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची आपल्याकडे म्हणच आहे. ही म्हण आपण व्यवहारज्ञान म्हणून सांगतो. परंतु तिच्यात एक तक्रारही दडलेली आहे. गव्हासाठी बोलणे आणि कोंड्यासाठी बोलणे ही दोन कामे एकाच जिभेने होतात, आणि जीभ तयार करणारा गुरू पोत्यात काय आहे हे पाहत नाही, अशी ती तक्रार आहे. आम्ही शिफारसपत्र दिले, कारण मुलगी बुद्धिमान होती आणि तिची इच्छा खरी होती. मात्र वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात मावणारे नव्हते. ते आम्ही पुढे तिच्या पत्रांतून, तिने धाडलेल्या टिपणांतून व तिने सुचविलेल्या पुस्तकांतून शोधीत राहिलो.

ती २०२१ च्या सप्टेंबरात गेली. ब्रिटनमध्ये ही पदवी एका वर्षाची असते. तेथील हिशोबाने एकंदर १८० श्रेयांक. त्यांपैकी तिच्या विद्यापीठात १२० वर्गातील विषयांचे आणि ६० प्रबंधाचे होते. पहिल्या सत्रात गिऱ्हाईक कसे वागते याचे शास्त्र, संशोधनाच्या पद्धती आणि ब्रँड म्हणजे काय याची चिकित्सा, दुसऱ्यात जाहिरातीची योजना, वृत्तसंबंध आणि संगणकावरील व फोनवरील प्रचार, उन्हाळ्यात प्रबंध. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येई, आणि स्वयंपाकघरात सहा देशांची मुले एका शेगडीसाठी थांबून असत. अशा जागी बसून तिने लिहिलेल्या पत्रांत घराची आठवण थोडी आणि अभ्यासाची हकीकत पुष्कळ असे. शिक्षकास याहून अधिक काय पाहिजे?

बाजारात उभे राहून ओरडणे जगाइतकेच जुने; पण या ओरडण्याचे शास्त्र होऊन ते विद्यापीठात येऊन बसले त्याला सव्वाशे वर्षेच झाली आहेत. वॉल्टर डिल स्कॉट नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जर्मनीत लाइपझिग येथे वुंटच्या हाताखाली शिकून परतला आणि १९०३ साली त्याने जाहिरातीच्या उपपत्तीवर एक ग्रंथ लिहिला. पुढे १९२० साली तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी जॉन वॉटसन या वर्तनवादाच्या आद्य प्रवर्तकास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावे लागले, आणि तो थेट न्यूयॉर्कच्या एका जाहिरातसंस्थेत जाऊन बसला. म्हणजे एक जाहिरातीतून विद्यापीठाच्या शिखरावर गेला, दुसरा विद्यापीठातून जाहिरातीच्या पेढीवर आला. आणि दोहोंमधला जिना तेव्हापासून वाहता राहिला. १९६० साली मॅकार्थी याने माल, किंमत, जागा आणि प्रचार या चार गोष्टींत सारा विक्रय बसविला. इंग्रजीत चारहींचे आद्याक्षर एकच असल्यामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांस ते सूत्र आपल्या अ आ इ ई प्रमाणे पाठ झाले. तीस वर्षांनी, १९९० साली, लॉटरबॉर्न याने हे सूत्र उलटे करून मांडले. माल काय आहे हे नव्हे, गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते. किंमत किती हे नव्हे, त्याला पडते किती ते. दुकान कोठे हे नव्हे, त्याला सोयीचे काय ते. आणि प्रचार नव्हे, संवाद. १९९३ साली शुल्ट्झ व टॅननबॉम या दोघांसह त्याने लिहिलेले एकात्मिक विपणन-संज्ञापनावरील पुस्तक या विद्येच्या पायाभूत ग्रंथांत मोडते.

या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येईल. ही विद्या विकणाऱ्याच्या तोंडापासून निघाली आणि घेणाऱ्याच्या कानापाशी येऊन पोचली. मन वळवावयाचे तर मन आधी पाहिले पाहिजे, एवढे तिला शंभर वर्षांत उमगले.

आमचे एक सन्मित्र तत्त्वज्ञानाचे अध्यापक आहेत. ही हकीकत ऐकून ते म्हणाले, "कोळीही माशाचे मन जाणतो. गळाला काय लावावे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?" हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. विद्यार्थिनीच्या टिपणांतच त्याला पुरावा होता. १९२९ सालच्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून काही तरुणी सिगारेटी ओढीत चालल्या. स्त्रियांनी रस्त्यात धूम्रपान करणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. एडवर्ड बर्नेज या, फ्रॉइडच्या भाच्याने, एका तंबाखू कंपनीसाठी हा प्रसंग जुळवून आणला होता, आणि त्या सिगारेटींस 'स्वातंत्र्याच्या मशाली' असे नाव दिले होते. वृत्तपत्रांनी ती बातमी म्हणून छापली; जाहिरात म्हणून कोणी ओळखली नाही. स्त्रीच्या मनात मोकळेपणाची जी न्याय्य आस होती, ती बरोबर हेरून तिच्या हातात धुराची कांडी दिली गेली. धूम्रपान आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय अहवालाने १९६४ साली जाहीरपणे सांगितला. आपल्या देशात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा २००३ साली झाला. ईस्टरच्या त्या फेरीचे उदाहरण तिच्या वर्गात दोनदा आले. एकदा नीतीच्या तासाला, निषेधासाठी. आणि एकदा योजनेच्या तासाला, कौशल्यासाठी. "सर, दोन्ही तासांना आम्ही तीच माणसं होतो," असे तिने लिहिले होते.

मग ही विद्या त्याज्य म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडचा पदवीधर पंधरा-सोळा वर्षे लिहीत असतो, पण कोणासाठी? परीक्षकासाठी. परीक्षक हा जगातील अत्यंत चमत्कारिक वाचक आहे. त्याला वाचणे भाग असते. त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. मजकूर कंटाळवाणा आहे म्हणून तो उत्तरपत्रिका खाली ठेवू शकत नाही. आणि उत्तर काय असावे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. अशा बांधलेल्या वाचकासाठी सोळा वर्षे लिहिल्यावर, मोकळ्या वाचकासाठी कसे लिहावे हे कोणास कळणार? पहिल्याच आठवड्यात तिच्या अध्यापकांनी वर्गाला सांगितले की, तुमचे लिहिणे वाचण्यास कोणीही बांधलेला नाही. ज्याच्यासाठी लिहाल तो बसच्या मागे धावत असेल, त्याच्या कडेवर मूल असेल, त्याच्या मनात घरभाडे असेल, आणि तरीही तुम्हांस त्याच्याशी बोलावयाचे आहे. हे वाक्य वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो. वाङ्मयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवावे असेच ते वाक्य आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने ऐकणाऱ्याचा विचार केलाच नाही असे कोणी म्हणू नये. भरतापासून अभिनवगुप्तापर्यंत प्रेक्षकाची आणि रसिकाची चर्चा झालेली आहे, आणि 'सहृदय' हा शब्द तर आपल्या काव्यविचाराचे भूषण आहे. परंतु सहृदय हा अधिकारी श्रोता. काव्याच्या परिशीलनाने त्याचे मन आरशासारखे स्वच्छ झालेले. तो रसास्वादासाठी तयार होऊन आलेला. जो तयार होऊन आलेला नाही, ज्याला यावयाचेच नव्हते, त्याचे काय? त्याचा विचार शास्त्रकारांनी केला नाही. तो कीर्तनकारांनी केला. पूर्वरंगात सिद्धांत सांगून श्रोत्यांची मान डुलू लागली की उत्तररंगात आख्यान लावावे, आणि मध्येच एखाद्या म्हातारीला जांभई आली तर तिच्याकडे पाहूनच विनोद करावा, ही कला त्यांस साध्य होती. बोहारीणही त्याच परंपरेतली. जुन्या लुगड्यावर हात फिरविता फिरविता घरातल्या बाईची नजर कोणत्या पातेल्यावर खिळली आहे हे ती जाणते, आणि तेच पातेले ती टोपलीत तळाशी ठेवते. या सर्वांच्या पुढ्यात गिऱ्हाईक बसलेले असे. कारखान्याच्या मालाला ही सोय राहिली नाही. साबण एका गावी बनतो आणि हजार मैलांवर विकतो. मधे डोळ्याला डोळा भिडत नाही. जे बोहारणीला दिसत होते तेच प्रश्नावली करून, मुलाखती घेऊन, आकडे मांडून शोधण्याचा उद्योग म्हणजे ही पदवी. बोहारणीची नजर हरवली, म्हणून तिचे शास्त्र झाले.

आणि हे बोलणे नेहमी कोंड्यासाठीच असते असेही नाही. त्या मुलीच्या जिल्ह्यातच याचा दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, अशी हकीकत सांगतात. नांगर चांगला होता. तरी त्याच्यासाठी बोलावे लागले. वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. माल चांगला असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीतरी पेरलेले असते, आणि ते जाणल्यावाचून गहूही पडून राहतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचविण्यासाठी काढलेले ते पत्रक. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढत गेले, १९२९ साली त्याचे 'किर्लोस्कर' झाले, आणि पुढच्याच वर्षी 'स्त्री' हे मासिक निघाले. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी कथा, निबंध आणि समाजसुधारणेचे वाद ज्या पानांवर वाचले, त्या पानांचे मूळ असे नांगराच्या जाहिरातीत आहे. वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांनी जाहिरातीच्या विद्येकडे नाक मुरडण्यापूर्वी ही वंशावळ ध्यानात ठेवावी.

आता तिच्या प्रबंधाकडे येतो. कारण या पदवीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही आम्हांस तेथे एका जागी दिसली. बहुतेक सहाध्यायांनी शीतपेये, पादत्राणे आणि सौंदर्यप्रसाधने असे विषय घेतले. हिने घेतला कीटकनाशकाच्या बाटलीवरचा कागद.

द्राक्षबागेत छाटणी झाली की फवारणी सुरू होते; डावणी आणि भुरी यांच्या धाकाने शेतकऱ्याची झोप उडते. फवारणीच्या त्या द्रवाला खेड्यात कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. 'औषध मारायला गेलेत' असे म्हणतात. अर्धी जाहिरात या एका शब्दाने आधीच करून ठेविली आहे. बाटलीवर काय असावे याचे नियम १९७१ साली झाले. त्यांनुसार कोनावर उभा केलेला एक चौकोन असावयाचा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम, आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. या चौकोनाने दर्शनी कागदाचा निदान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे, असे नियम सांगतो. म्हणजे रुपयातला एक आणा. उरलेल्या पंधरा आण्यांत मालाचे ठसठशीत नाव, चित्र, रंगसंगती आणि इतर मजकूर. आत घडी घातलेले माहितीपत्रक निराळे. ते अनेक भाषांत छापावयाचे असल्याने त्याचे अक्षर मुंगीएवढे होते, आणि ओल्या हाताने ते उघडले की फाटते.

मे महिन्यात सुटीवर आली असता तिने आपल्याच गावात शेतकऱ्यांना आणि फवारणीच्या मजुरांना बाटल्या दाखविल्या. मालाचे नाव अंगठ्याने झाकावयाचे आणि चौकोनाकडे बोट करून विचारावयाचे, याचा अर्थ काय? लाल रंग पाहून लोक थोडे थांबत. हिरव्यापाशी कोणी थांबेना. एकजण म्हणाला, "हिरवा म्हंजी पिकाला चांगलं." दुसरा म्हणाला, "हिरवा म्हंजी शाकाहारी. बिस्किटाच्या पुड्यावर असतंय की." ज्याने हा रंग नेमला त्याच्या मनात 'विष, पण कमी' असे होते, ज्याने तो पाहिला त्याच्या मनात रान होते, पीक होते आणि बिस्किटाचा पुडा होता. निरोप निघाला एक आणि पोचला भलताच. १९७३ साली बर्मिंगहॅममध्ये स्टुअर्ट हॉल या विद्वानाने हाच सिद्धांत मांडला होता: अर्थ पाठविणारा एक बांधतो आणि घेणारा आपल्या परीने सोडवितो, आणि दोन्हींची गाठ एकच असेल असा नियम नाही. विद्यार्थिनीने तो ग्रंथालयात वाचला होता. आपल्या वडिलांच्या बागेत तो तिला दिसला.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. सारा दोष एका कागदावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि पाठीवर पंप घेतलेल्या माणसापर्यंत धोक्याचा शब्द त्याला कळेल अशा रीतीने पोचणे, याला जीवनमरणाचा संबंध आहे, एवढे त्या वर्षाने सिद्ध केले. तो माणूस सहृदय नव्हे. तो परीक्षकही नव्हे. तो घाईत असलेला, उन्हाने तापलेला, कदाचित अक्षरशत्रू असलेला मोकळा वाचक आहे. त्याच्याशी कसे बोलावे हे आमच्या वाङ्मयशाखेत शिकवीत नाहीत, आणि कायद्याच्या शाळेतही शिकवीत नाहीत. ते जेथे शिकवितात तेथे ही मुलगी तीस लाखांचे कर्ज काढून गेली होती. हे तिच्या पदवीचे सामर्थ्य.

मर्यादा तिनेच एका पत्रात सांगितली. जाहिरातीच्या धंद्यात 'ब्रीफ' नावाचा एक कागद असतो. गिऱ्हाईक संस्था तो लिहून देते: अमुक वस्तू, अमुक लोक, अमुक मुदत, अमुक पैसे, आणि एवढे त्यांच्या मनात ठसले पाहिजे. तेथून पुढे सारी कला सुरू होते. "सर, कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, कसं सांगायचं, हे आम्हाला फार चांगलं शिकवतात. काय सांगायचं ते ब्रीफमध्ये लिहून आलेलं असतं." हिरव्या त्रिकोणाचे ब्रीफ कोण देणार? बाटली विकणारा देणार नाही. आपल्या मालातले विष कोणी पैसे मोजून मोठ्या अक्षरांत लिहवून घेत नाही. कायद्याने एक आणा दिला आणि तो समाधान पावला. शेतकऱ्याला ब्रीफ देता येते हेच ठाऊक नाही. म्हणून तो प्रबंध उत्तम श्रेणी मिळवून विद्यापीठाच्या कपाटात गेला, आणि ती मुंबईस एका जाहिरातसंस्थेत लागली. कर्जाचे हप्ते वाट पाहत नाहीत, आणि ज्या जमिनीवर ते उभे आहे ती तिच्या वडिलांची आहे. ती बिस्किटांसाठी लिहिते, आणि चांगले लिहिते. यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. पोटासाठी केलेल्या प्रामाणिक कामाला कमीपणा कसला? पण जी नजर तिने कमावली ती बिस्किटाच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्यापाशी राबते, आणि बाटलीवरच्या हिरव्या त्रिकोणापाशी कोणी नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

काय सांगावे हे ठरविण्याचे काम ज्यांचे, ते लोक कोण? इतिहास, नीती, वाङ्मय, वैद्यक, शेतकी अशा विषयांत आयुष्य घालविणारे आपण सारे. आपल्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. तो ऐकतो कोण, याची विचारपूस करणे मात्र आपल्याला बाजारीपणाचे वाटते. उलट बाजाराने ऐकणाऱ्याची इतकी विचारपूस केली की, त्याला काय ऐकवावे हा प्रश्न तो दुसऱ्यावर सोपवून मोकळा झाला. एका हाती गहू आहेत आणि वाणी नाही. दुसऱ्या हाती वाणी आहे आणि पोत्यात काय आहे ते पाहण्याची मुभा नाही. आमच्या मते या पदवीत एक वर्ष कमी पडते असे नाही. तिच्या दारात ब्रीफ घेऊन येणारी माणसे कमी पडतात. साबणाचे व्यापारी येतात. आरोग्याधिकारी क्वचित येतो, शेतकी विद्यापीठ क्वचित येते, ग्रामपंचायत येतच नाही. त्यांना या विद्येचे मोल द्यावे लागेल हे खरे. पण त्यांनी ते दिले नाही म्हणून ती विद्या बसून राहत नाही. ती मोल देणाऱ्याकडे जाते, आणि मग आपण तिला बाजारबसवी म्हणून नावे ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात तिचे वडील आम्हांस भेटले. हप्ते वेळेवर जातात असे त्यांनी सांगितले. मुलीने घरात औषधाच्या बाटल्यांसाठी कुलपाचे एक निराळे कपाट करून घेतले आहे, आणि त्याच्या दारावर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत 'विष' एवढे एकच लिहिले आहे, असेही सांगितले. मजूर आधी हसत. आता हात धुऊन घेतात. एका घराच्या एका कपाटावर जे दोन अक्षरांनी साधले, ते तालुक्याच्या प्रत्येक दुकानात साधणे अशक्य नाही. त्याचे शास्त्र तयार आहे आणि ते शिकलेली माणसेही आहेत. त्यांना कोणीतरी काम सांगावयाचे तेवढे राहिले आहे. तोवर बाटलीवरचा तो हिरवा त्रिकोण, त्याला जे म्हणावयाचे नाही, तेच म्हणत राहील.